ज्ञानकोशाबाहेरची वाट

लखनौच्या कैसरबागेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. मुंबईत वाळकेश्वरास १८६० साली जन्मलेल्या या वकिलाने १९२६ मध्ये लखनौस संगीताचे विद्यालय उभे केले. आरंभी त्यास प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव होते. १९६६ मध्ये ते राज्य सरकारकडे गेले आणि संस्थापकाचे नाव त्यास लाभले.

एवढी माहिती आजच्या जिज्ञासूस विकिपीडियावर मिळते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, अशी व्यवस्था आहे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाला संपादकांचे मंडळ होते. येथे वाचक तोच संपादक. लेखाच्या अगदी तळाशी 'बाह्य दुवे' असा एक लहानसा विभाग असतो. आज बोलावयाचे आहे ते त्याविषयी, कारण सर्वांत अधिक मोह तेथेच पडतो.

संदर्भ आणि बाह्य दुवा या दोन निराळ्या वस्तू आहेत. लेखातील विधान खरे कशावरून, याची साक्ष संदर्भ देतो. बाह्य दुवा साक्ष देत नाही; लेख जेथे थांबतो तेथून पुढे कोठे जावे, एवढेच तो सांगतो. म्हणून लेखात सहज सामावेल अशा मजकुरासाठी दुवा देण्याचे प्रयोजन नाही. तो मजकूर आपल्या शब्दांत, आधारासह, लेखातच लिहावा. पण भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'चे चार भाग लेखात कसे मावतील? हा ग्रंथ मूळ मराठी. उत्तरेकडे तो बहुधा हिंदी अनुवादातूनच वाचला जातो, आणि लखनौसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास मूळ पुस्तक हाती लागणे कठीण. एखाद्या ग्रंथालयाने त्याची पाने महाजालावर ठेवली असतील, तर त्या पानांचा दुवा हे या लेखाचे खरे भूषण होय.

येथे स्वामित्वहक्काचा विचार अवश्य करावा. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. भातखंडे १९३६ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत छापलेला हा ग्रंथ आता मुक्त आहे. परंतु त्यांचे शिष्य आणि लखनौच्या विद्यालयाचे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर १९७४ मध्ये निवर्तले. त्यांच्या पुस्तकांची कोणी परवानगीवाचून चढविलेली प्रत दिसली, तर २०३४ अखेरपर्यंत तिचा दुवा देणे अनुचितच. अनुवादकाचा हक्कही मूळ लेखकाहून निराळा असतो.

याखेरीज विद्यापीठाचे अधिकृत संकेतस्थळ द्यावे, एकच पुरे. पेटी-तबला विकणारी दुकाने, शिकवण्यांच्या जाहिराती, पैसे भरल्यावाचून न उघडणारी पाने यांस तेथे जागा नाही. पुष्कळांची समजूत अशी की विकिपीडियावर दुवा टाकला म्हणजे शोधयंत्रात आपले नाव वर जाते. इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून अशा दुव्यांवर 'यास मोजू नये' अशी खूण ठेवली आहे, तरी हा हव्यास सुटलेला नाही!

स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा स्वतः देऊ नये. तो उपयुक्त वाटल्यास लेखाच्या चर्चापानावर सुचवावा आणि निर्णय इतरांवर सोडावा. भातखंड्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने लिहिला, आणि मराठी ग्रंथात त्याच चतुर पंडिताची मते एखाद्या तिऱ्हाइताची असावीत तशी आधारास घेतली. विद्वत्तेत त्यांना ते शोभून गेले. विकिपीडियावर मात्र त्यांनाही चर्चापानाची वाट दाखविली गेली असती.

दुवा लिहिण्याची रीत सोपी आहे. चौकटी कंसात आधी पत्ता, मग एक जागा सोडून त्या पानाचे नाव आणि स्वरूप: ग्रंथ कोणता, भाषा कोणती, कितवा भाग. उघड्या पत्त्यावरून वाचकाला काहीच कळत नाही. लेखाच्या वाक्यांमध्ये असे दुवे पेरू नयेत.

आणि दुवे मरतातही. २०२२ मध्ये लखनौची ही संस्था 'भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय' झाली. संस्थेचे नाव बदलले की संकेतस्थळाचा पत्ताही बदलण्याचा संभव असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येक दुवा उघडून पाहावा; बंद पडलेला आढळल्यास नवा पत्ता घालावा, जुन्या पानाची जपून ठेवलेली प्रत मिळाल्यास तिचा दुवा द्यावा, आणि काहीच न मिळाल्यास ती ओळ काढून टाकावी.