माणूस कोणाकडे बघून दंड पुढे करतो

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका आणि सभागृहाच्या मागच्या अर्ध्या भागात बसलेल्या आशाताई,

 

कोविडच्या लसीकरणाबद्दल आपण बोलू लागलो की एक वाक्य हमखास येतं: ‘लोकांमध्ये गैरसमज होते, आपण ते दूर केले.’ मला हे पटत नाही. लस घ्यायची की नाही हे माणूस एकट्याने, पत्रकं वाचून ठरवतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. तसं कोणीच ठरवत नाही, आपणही नाही. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती येण्याआधीच परवानगी मिळाली होती आणि त्या पहिल्या दिवसांत कितीतरी डॉक्टर ‘बघू, जरा थांबू’ म्हणत होते. विभागप्रमुखांनी घेतली, बरोबरीच्यांनी घेतली, मग रांग लागली. डॉक्टर थांबला तेव्हा त्याला सावध म्हटलं गेलं. पाड्यावरची बाई थांबली तेव्हा तिला अडाणी म्हटलं गेलं.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्याची गोष्ट सांगतो. जुलै २०२१, भाताच्या आवणीचे दिवस. आधीच्या आठवड्यात तिथे गाडी येऊन गेली होती. ‘लस सुरक्षित आहे, काहीही होत नाही,’ असं भोंग्यावरून सांगितलं गेलं होतं. दोघा-तिघांनी टोचून घेतली, रात्री ताप भरला, दोन दिवस अंग मोडून आलं. भोंगेवाले खोटं बोलले, एवढंच पाड्याने त्यातून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा घरं उघडी आणि ओटे रिकामे होते, आणि आमची गाडी दिसताच शेतातली माणसंही बांधापलीकडे गेली. तिथल्या आशाताईने आम्हाला ओट्यावर बसवलं आणि ती एकटीच चिखलात उतरली. लशीचा एकही फायदा तिने सांगितला नाही. रोपं लावता लावता ती बायकांना म्हणाली, “मला ताप आला होता. रात्रभर कण्हत होते. गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी आवणीला आले. तुम्ही सगळ्यांनी बघितलं मला.” मग तिनेच तोडगा काढला: घरातल्या दोघांनी एकदम घ्यायची नाही, एकाने आज, दुसऱ्याने आवणी उरकल्यावर. दिवेलागणीपर्यंत बरीच माणसं येऊन टोचून गेली.

सगळी आली नाहीत. एक म्हातारी शेवटपर्यंत नाही म्हणाली. तिचा मुलगा एप्रिलमध्ये रुग्णवाहिकेतून गेला तो परतलाच नव्हता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह तिला लांबूनच दाखवला गेला होता. लस घेऊन आलेली गाडी तिच्या लेखी तीच गाडी होती. तिला मी गैरसमजाच्या रकान्यात कसा टाकू?

असा अविश्वास आपल्याकडे पहिल्यांदाच दिसत नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी साथरोग कायदा आला, आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत, थेट देवघरापर्यंत शिरू लागले. घरातला आजारी माणूस उचलून नेला जात होता, सामान रस्त्यावर जाळलं जात होतं. लस कितीही चांगली असो, ती त्याच सरकारच्या हातून येणार होती. लोक आजारी माणसं लपवत होते ते अज्ञानापोटी नव्हे, अनुभवापोटी.

त्याच पुण्यात, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत शहराबाहेर रुग्णांवर उपचार करत होता. मुंबईत खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली आणि आपल्या लोकांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्यामागोमाग हजारो खोजांनी ती घेतली. शास्त्र तेच होतं, शहरंही फार लांबची नव्हती. एका ठिकाणी माणसं दार लावून बसली आणि दुसऱ्या ठिकाणी दंड पुढे करून उभी राहिली.

आता पुन्हा २०२१ कडे येतो, कारण मला सर्वांत जास्त सलतं ते तिथलं. दुसऱ्या लाटेत गल्लीतली माणसं जाऊ लागली तेव्हा भीतीचं पारडं फिरलं आणि लोक आपणहून केंद्रांवर आले. नेमक्या त्याच एप्रिलमध्ये साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत साठा संपून केंद्रं बंद पडली. मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांसाठी नोंदणी ऑनलाइन झाली, पोर्टल मराठीत यायला जून उजाडला. ज्यांच्याकडे चांगला फोन, वेगवान नेट आणि इंग्रजी, त्यांना तारखा मिळाल्या. पुण्या-मुंबईहून मोटारी भरभरून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आल्या, टोचून परत गेल्या. गावकरी फाटकाबाहेर उभे राहून बघत होते. त्यांच्याच केंद्रात त्यांना नंबर नव्हता. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साठा मुबलक झाला, ‘हर घर दस्तक’ म्हणत आपण त्याच गावात दारं वाजवत फिरलो आणि लोक येत नाहीत म्हणून चिडलो. आपला नंबर कधी लागतो, यावरून आपली किंमत काय हे माणसाला कळतं. ते तो विसरत नाही.

घराच्या आतही असंच आहे. मूल होणार नाही, पाळीच्या दिवसांत घेऊ नये, अशा अफवा फोनवरून फिरल्या. पण गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. तोवर त्यांच्या प्रश्नांना आपल्याकडे धड उत्तर नव्हतं. उत्तर नसलेल्या जागी अफवा बसते. आणि परवानगी आल्यावरही सुनेचा निर्णय सासूच्या आणि नवऱ्याच्या हातात असताना आपली समुपदेशनं मात्र एकट्या सुनेशी चालली होती.

मालेगाव, भिवंडीसारख्या मुस्लिमबहुल शहरांबद्दल तर आपण फार लवकर निकाल देतो. ‘तो समाजच तसा आहे’, संपलं. २०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती होती, घरी येऊन नावं विचारणाऱ्या कोणाहीकडे संशयाने पाहिलं जात होतं. मार्च-एप्रिलमध्ये वाहिन्यांनी साथीचं खापर दिल्लीतल्या मेळाव्याला आलेल्या तबलिगी जमातच्या लोकांच्या, आणि त्यांच्या नावाने सगळ्याच मुसलमानांच्या, डोक्यावर फोडलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. ती बातमी किती वाहिन्यांनी तितक्याच जोराने दाखवली? मग २०२१ मध्ये सलमान खानने आवाहन करावं, असा विचार पुढे आला. आवाहनाला माझा विरोध नाही. पण उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी चित्र पालटलं ते जाहिरातींइतकंच मोहल्ल्यातल्या इमामांमुळे आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या बायकांमुळे. त्यांच्याशी वर्षानुवर्षं बसून बोलणं झालं होतं. साथीच्या आठवड्यात ते उभं करता येत नाही.

सक्तीबद्दलही बोलायला हवं. मुंबईत २०२१ च्या १५ ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. गर्दीचा डबा आणि संसर्ग यांचा संबंध लोकांना समजत होता, लोकांनी ते मानलं. औरंगाबाद जिल्ह्यात मात्र नोव्हेंबरमध्ये एकही डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल बंद, असा आदेश निघाला. आकडे वाढले असतील. पण जो पोटावरच्या धाकाने येतो तो पुढच्या वेळी केंद्राचा रस्ता टाळतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईतल्या गोवंडीत गोवराने लहान मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण कोलमडलं हे त्याचं मोठं कारण. पण आरोग्य खात्याचं नाव काढलं की गोवंडीतल्या आईच्या डोळ्यांसमोर कोणता चेहरा येतो, हेही तपासायला हवं.

दुष्परिणामांबद्दलचं आपलं मौन सर्वांत महाग पडतं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिनांवर आला, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. २०२१ मध्ये तमिळ अभिनेते विवेक लस घेतल्यानंतर दोनच दिवसांत हृदयविकाराने गेले. लशीचा संबंध नसल्याचा तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष आला तो काही महिन्यांनी. तोवर गावोगावच्या पारावर निकाल लागून गेला होता.

उद्या दुपारच्या सत्रात साथीच्या पूर्वतयारीबद्दलचा ठराव चर्चेला येणार आहे. मसुदा मी वाचला आहे. शीतसाखळी, सिरिंज, सॉफ्टवेअर सगळं त्यात आहे. माझ्या दोन दुरुस्त्या आहेत. लशीनंतर झालेल्या प्रत्येक गंभीर त्रासाच्या चौकशीचा निष्कर्ष ठरावीक मुदतीत, मराठीत, त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना जून २०२१ मध्ये ऐन साथीत मानधनासाठी संपावर जावं लागलं, तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्यांना नियमित वेतन द्यावं, ही मागणी त्या ठरावात पहिल्या क्रमांकावर असावी. पुढच्या वर्षी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेचा गौरव मिळाला, पण त्याने घर चालत नाही. दुरुस्त्या मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदन द्यायला मागच्या रांगांमधून कोणी पुढे यावं, ही विनंती.