वादळ-पुराआधी घराची तयारी



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि आपल्या दापोली-मंडणगडातील घरांची छपरे व नारळ-सुपारीच्या बागा पाडून गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे येथे दरड घरांवर आली. त्या वर्षीचे तौक्ते वादळ तर मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्यासमोरून गेले. तेव्हा मृगाची वाट पाहू नका. आंबा काढणीची घाई असली तरी दोन दिवस घरासाठी काढाच.

पहिले काम छपराचे. पत्रा उडतो तो वारा पडवीखाली शिरून त्याला वर उचलतो म्हणून. त्यामुळे कडेचे हूक आधी पाहावेत, गंजलेले बदलावेत. पत्र्यावर नुसते दगड ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती बरी नव्हे, तेच दगड माणसाच्या डोक्यात येतात. वादळ ऐन भरात असताना वारा अचानक थांबला, तर छप्पर पाहायला बाहेर पडू नये. वादळाचा डोळा वरून जात असेल, तर थोड्याच वेळात वारा उलट दिशेने सुटतो.

आता गुरांचे. नदीकाठच्या गोठ्यात पाणी रात्री शिरले, तर दाव्याला बांधलेले जनावर जागीच बुडते. पुराचा इशारा मिळताच गुरे उंच जागी न्यावीत, वेळच नसेल तर दावी कापून मोकळी सोडावीत. त्यासाठी कोयती कोठे टांगली आहे हे घरातील बायका-मुलांनाही माहीत हवे. चार दिवसांचा पेंढा माळ्यावर ठेवावा.

डोंगरउताराला घर असेल, तर जमिनीला नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही लक्षणे दिसताच घर सोडावे. सामानासाठी थांबू नये. सातबारा, पासबुक, रेशनकार्ड म्हणूनच आधीपासून प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधलेले असावे.

पूर ओसरल्यावर विहीर उपसून टीसीएल पावडर टाकावी, तरीही पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये. नंतर ताप आला, तर लेप्टोची शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

निसर्गनंतर काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, मोबाईल बंद पडले. तेव्हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीच्या मदतीचा ११२ आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक ओटीच्या भिंतीवर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा.