डॉन रेडवूड की अंजन? खान्देशातल्या ओपन स्पेसचं झाड

आजचा एपिसोड झाडाबद्दल आहे. कानात इअरफोन घालून भर दुपारी बाईकवर असाल तर आधी कुठेतरी सावली बघून थांबा, मग ऐका. सावली सापडायला वेळ लागला, तर आजचा विषय तुम्हाला अर्धा कळलाच म्हणून समजा.

एक रील तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. चीनमधला लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना सरळसोट उंच झाडं, पिसासारखी नाजूक पानं, आणि थंडी आली की सगळा रस्ता विटकरी-तांबडा. ते झाड म्हणजे डॉन रेडवूड, शास्त्रीय नाव मेटासेक्वोया. झाड सूचिपर्णी आहे, म्हणजे पाइन-देवदारच्या गटातलं. शाळेत आपण 'विद्या' म्हणून वहीत ठेवायचो ती मोरपंखीसुद्धा याच गटातली बरं का. पण मोरपंखी बारा महिने हिरवी. हे झाड मात्र थंडीत सगळी पानं, बारीक डहाळ्यांसकट, गाळून मोकळं होतं. सूचिपर्णी आणि वर पानझडी, असं कॉम्बिनेशन जगातच कमी. आपल्या देशात बघायचं तर सिक्कीमकडे वर उंचावर लार्च आहे.

याची गोष्टही भारी आहे. १९४१ साली शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने दगडातल्या ठशांवरून या झाडाला नाव दिलं. झाड कधीच संपलंय अशी समजूत. आणि त्याच दशकात मध्य चीनमधल्या एका खोऱ्यात ते जिवंत उभं सापडलं! १९४८ मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटमने त्याचं बी जगभर वाटलं. आज बागांमध्ये दिसणारी मोठमोठी झाडं बरीचशी त्या वाटपातली.

आता मुद्द्यावर. धुळ्यात आमच्या कॉलनीला एक ओपन स्पेस आहे. तिथे झाडं लावायची म्हणून ग्रुपवर वर्गणी सुरू झाली आणि एका काकांनी डॉन रेडवूडच्या रोपांची ऑनलाइन लिंक टाकली. लगेच पन्नास अंगठे. मी बीटेक कॉम्प्युटरवाला, झाडांमधला तज्ज्ञ नाही. पण रिक्वायरमेंट वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही, एवढं नोकरीने शिकवलंय. आणि वर्गणी एकदाच जमते हो. रोपं मेली तर दुसऱ्यांदा कोणी खिशात हात घालत नाही. जागा दोन वर्षं रिकामी दिसली की तिथे आधी गाड्या लागतात, मग शेड येतं.

म्हणून वाचायला बसलो. पहिली शंका सगळ्यांना येते ती थंडीची. ती खरं तर अडचणच नाही. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी सहा-सातवर येतो. अडचण आहे एप्रिल-मेची.

पान गाळणं म्हणजे झाडाने दुकान बंद ठेवणं. कधी बंद ठेवायचं, हे ज्याच्या त्याच्या गावावर ठरतं. मेटासेक्वोयाचे जुने ठसे पार उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर सापडलेत. तिथे थंडीत कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. अशा झाडाने थंडीत दुकान बंद केलं तर बरोबरच आहे. पण मग मे महिन्यात ते फुल पानावर असणार. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५च्या पुढे! म्हणजे आपल्याकडे पाणी सगळ्यात कमी, तेव्हा याची मागणी सगळ्यात जास्त. मूळ गावी ते ओढ्याकाठच्या ओल्या घळीत वाढतं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही.

दुसरी अडचण मातीची. आपली काळी माती चुनखडीची, अल्कली. यात लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. लिंबू-मोसंबीची पानं पिवळी पडतात आणि शेतकरी फेरस सल्फेट फवारतो, तोच प्रकार. पन्नास फुटी झाडावर कोण फवारणार?

कुणाला हौस फारच असेल आणि शेतात बारमाही ओलावा असेल, तर याचा भाऊबंद टॅक्सोडियम एखादा लावून बघा. तो अमेरिकेतल्या दलदलीतला, उन्हाला जरा दणकट. पण एखादाच. अख्ख्या कॉलनीचे पैसे त्यावर नको.

मग मी ग्रुपवर अंजन सुचवला. अर्ध्या लोकांनी विचारलं, डोळ्यात घालायचं? अहो, सातपुड्याच्या पायथ्याला, यावलच्या जंगलात अंजन उभा आहे आणि आपल्याला नाव माहीत नाही. हार्डविकिया बिनाटा. सूचिपर्णी नाही, शेंगवाला आहे. पण रील बघून आपल्याला जे हवं असतं ते बहुतेक सगळं त्याच्यात आहे. उंच वाढतो, फांद्या झुलत्या, पानं आपट्यासारखी जोडीची पण छोटी. आणि वेळापत्रक बघा. उन्हाळ्याच्या तोंडाशी, साधारण मार्चमध्ये पानं गाळतो, एप्रिलमध्ये कोवळी तांबूस पालवी, आणि मे महिन्यात सावली तयार. तांबडा रंगही मिळाला की!

हे त्याला जमतं मुळामुळे. रोप वर बोटभर असतं तेव्हा खाली मूळ हातभर गेलेलं असतं. खडकाच्या फटीत शिरून ते ओल शोधतं. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. तोटाही सांगतो. पहिली काही वर्षं वर काही हलतच नाही. स्टेटसला टाकायला फोटो नाही. काकांचा आक्षेप तोच होता, "मी बघायला असेन का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून कडेला चार कडुनिंब घ्यायचे ठरले, ते लवकर वर येतात.

अंजन लावायचा तर जागा मुरमाड, उथळ, निचऱ्याची हवी. खोल चिकण काळ्या मातीत, पाणी साचतं तिथे, तो रमत नाही. तापीकाठचा प्लॉट असेल तर सरळ चिंच नाहीतर कडुनिंब लावा. आमची जागा मुरमाची निघाली, एक फुटावर कुदळ वाजते. नर्सरीच्या छोट्या पिशवीत अंजनाचं सोटमूळ वेटोळं होतं, म्हणून शक्यतो बी जागेवरच पेरायचं, नाहीतर उंच पिशवी वापरायची. शेंग चपटी, पंखासारखी, टोकाला एकच बी. उन्हाळ्यात पिकते. दरवर्षी भरपूर बी येत नाही, त्यामुळे दिसलं की गोळा करायचं. पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरायचं, एका आळ्यात तीन-चार बिया. भोवतीचं गवत काढत राहायचं. दोन झाडांत तीस फूट सोडायचे, वरून वीज मंडळाची तार नको. आणि जाळी पहिल्या दिवशीच. शेळीला अंजनाचा पाला इतका आवडतो की तिला लोकेशन पाठवावं लागत नाही.

वर्गणीतले सगळ्यात जास्त पैसे जाळीवर जाणार आहेत, बियांवर जवळजवळ शून्य. हिशोब ग्रुपवर टाकला तेव्हा एकाने विचारलं, मग रोपांची पावती कुठेय? नाहीये भाऊ, शेंगा गोळा करायला रविवारी सकाळी सहाला निघतोय. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.