एकही ओळ खोडता येईना
(रेडिओवरील भाषण)



अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात पॉन्चरट्रेन नावाचं एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावर न्यू ऑर्लिन्स हे जुनं, नामांकित शहर वसलं आहे, तर उत्तरेला स्लायडेल हे लहान गाव. राष्ट्रीय हवामान सेवेचं त्या भागासाठीचं कार्यालय या स्लायडेलमध्येच आहे. 28 ऑगस्ट 2005 च्या रविवारी सकाळी तिथे रॉबर्ट रिक्स नावाचे हवामानतज्ज्ञ कामावर होते. ते मूळचे न्यू ऑर्लिन्सचेच. मेक्सिकोच्या आखातात कतरिना नावाचं चक्रीवादळ त्यांच्या शहराच्या रोखानं निघालं होतं आणि लोकांसाठी इशारा लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

असा इशारा ऐन घाईत लिहिताना शब्द चुकू नयेत म्हणून काही वाक्यं आधीच तयार करून ठेवलेली असतात. वाऱ्याचा जोर इतका असेल तर घरांचं काय होईल, झाडांचं काय होईल, विजेचं काय होईल, हे शांत डोक्यानं विचार करून कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. त्यातला सर्वांत भयंकर परिणामांचा मजकूर रिक्स यांनी समोर घेतला. मग एकेक वाक्य वाचून ते स्वतःला विचारत गेले, हे खरंच होईल का? यातलं काही जास्त वाटतंय का? काही गाळता येईल का? त्यांना एकही ओळ खोडता आली नाही. सकाळी 10 वाजून 11 मिनिटांनी तो इशारा प्रसृत झाला.

त्यात काय होतं ते माझ्या शब्दांत सांगतो. हा बराचसा प्रदेश काही आठवडे, कदाचित त्याहूनही जास्त काळ, राहण्याजोगा उरणार नाही. चांगल्या बांधणीच्या घरांपैकी निदान निम्म्या घरांची छपरं आणि भिंती ढासळतील. वीज कित्येक आठवडे येणार नाही. जी माणसं आणि गुरंढोरं वाऱ्यात उघड्यावर सापडतील, ती वाचणार नाहीत. आणि पाण्याच्या टंचाईमुळे लोकांचे जे हाल होतील, ते आजच्या काळातल्या माणसाला कल्पनेतही आणता येणार नाहीत. सरकारी हवामान खात्याच्या कागदावर अशी भाषा त्यापूर्वी क्वचितच कोणी वाचली असेल.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करतो आहे. वादळावर नजर ठेवणाऱ्यांचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपग्रहाची छायाचित्रं, संगणक आणि नकाशे येतात. ते सगळं असतंच. पण त्या मोजमापाचं शेवटी एका वाक्यात रूपांतर व्हावं लागतं आणि ते वाक्य ऐकून घरात बसलेल्या माणसानं उठावं लागतं. या कामातला सर्वांत कठीण भाग हाच, असं माझं मत आहे.

आधी मोजमापाकडे वळू. कतरिनाचा जन्म 23 ऑगस्टला बहामा बेटांजवळ झाला. 25 तारखेला तिनं फ्लोरिडाचं टोक ओलांडलं, तेव्हा ती पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत होती. पुढे आखातात तिला खूप खोलवर तापलेल्या पाण्याचा एक प्रवाह लागला. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं, त्यामुळे एरवी त्याचा जोर आपोआप थोडा कमी होतो. इथे खालचं पाणीही ऊनच होतं. रविवारी सकाळी कतरिना पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेली. वाऱ्याचा वेग त्या दिवशी ताशी 280 किलोमीटरपर्यंत पोचला आणि मध्यभागी हवेचा दाब 902 मिलिबारपर्यंत उतरला. समुद्रसपाटीला हा दाब एरवी 1013 च्या आसपास असतो.

हे आकडे मिळवायला माणसं वादळात शिरली होती. उपग्रह वरून ढग दाखवतो. पण ढगांखाली नेमका किती वारा आहे, हे आत गेल्याशिवाय खात्रीनं कळत नाही. 1943 साली टेक्सासच्या किनाऱ्याजवळ जोसेफ डकवर्थ या अमेरिकी लष्करी वैमानिकानं एका इंजिनाचं प्रशिक्षण विमान पहिल्यांदा मुद्दाम चक्रीवादळात नेलं. आज हे काम अमेरिकी वायुदलाच्या राखीव दलातली 53 वी तुकडी चार इंजिनांच्या हर्क्युलिस विमानांतून करते. साधारण तीन किलोमीटर उंचीवरून विमान ढगांची भिंत भेदून वादळाच्या मध्यभागी, म्हणजे त्याच्या डोळ्यात जातं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं, वळतं आणि पुन्हा आत शिरतं. वाटेत हातभर लांबीच्या नळ्या खाली सोडतात. छोट्या छत्रीला लटकत ती नळी समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद दर क्षणाला वर पाठवत राहते.

या तुकडीचा तळ आहे मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी. म्हणजे ज्या वादळाचा दाब ही माणसं मोजत होती, ते त्यांच्याच घरांवर चालून येत होतं. विमानं दुसऱ्या तळांवर हलवली गेली. वादळानंतर त्यांच्यापैकी अनेकांची घरं उरली नाहीत, तळाचंही फार नुकसान झालं. तरी उड्डाणं थांबली नाहीत. या लोकांविषयी फार कमी लिहिलं गेलं आहे, याचं मला वाईट वाटतं.

वादळाच्या मार्गाचा अंदाजही चांगला निघाला. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे किनारा ओलांडण्याच्या सुमारे अडीच दिवस आधी, मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं दाखवलेला मार्ग प्रत्यक्ष मार्गाच्या अगदी जवळ होता. शनिवारी रात्री केंद्राचे संचालक मॅक्स मेफिल्ड यांनी स्वतः फोन उचलला. लुइझियाना आणि मिसिसिपीच्या राज्यपालांशी आणि न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांशी ते बोलले. असे फोन ते सहसा करत नसत. आपल्याला करण्याजोगं सगळं केलं एवढं समाधान घेऊन त्या रात्री झोपायचं होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. रविवारी सकाळी महापौरांनी शहर सोडण्याची सक्ती जाहीर केली. न्यू ऑर्लिन्सच्या इतिहासात असा हुकूम पहिल्यांदाच निघाला. शनिवारची ती रात्र वाया जायला नको होती, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. रविवारी रात्री वारा सुरू होणार हे ठाऊक असताना अर्धा दिवस ही मोठी गोष्ट असते.

तरीही दहा लाखांहून अधिक माणसं त्या प्रदेशातून बाहेर पडली. महामार्गांच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका बाहेर जाणाऱ्या वाहनांसाठी खुल्या केल्या होत्या. रिक्स यांच्या इशाऱ्याला अनेक जीव वाचवल्याचं श्रेय पुढे दिलं गेलं आणि ते योग्यच आहे. पण शहरात दर चार घरांमागे साधारण एका घराकडे स्वतःची गाडी नव्हती. त्यातून महिनाअखेर. पगार आणि सरकारी मदतीचे पैसे पहिल्या तारखेला हातात यायचे होते. पेट्रोलला पैसे नाहीत, लॉजला पैसे नाहीत, बाहेरगावी कोणी नातेवाईक नाही, अशा माणसाला इशारा पूर्ण समजला तरी तो जाणार कुठे? अशी हजारो माणसं रविवारी सुपरडोम या मोठ्या क्रीडागृहासमोर रांगेत उभी राहिली.

आणखी काही माणसं अशी होती, ज्यांच्याकडे गाडीही होती आणि पैसेही, पण ती हलली नाहीत. त्यांच्या डोक्यात एक जुनं वादळ होतं. ऑगस्ट 1969 मध्ये कॅमिल नावाचं पाचव्या श्रेणीचं वादळ याच मिसिसिपी किनाऱ्यावर आलं होतं. कॅमिलच्या वेळी पाणी आमच्या पायरीपर्यंतही आलं नाही, मग आता कसं येईल, असा हिशोब अनेक घरांत झाला. त्यात भर म्हणजे किनाऱ्याला पोचेपर्यंत कतरिनाचा वारा कमी झाला होता. सोमवारी 29 तारखेला सकाळी सहाच्या सुमारास लुइझियानातल्या बुरास गावाजवळ तिनं किनारा ओलांडला, तेव्हा ती तिसऱ्या श्रेणीत होती, वारा ताशी सुमारे 205 किलोमीटर. पाचवरून तीनवर आली म्हटल्यावर कोणालाही हायसं वाटेल.

पण श्रेणी ठरते वाऱ्यावरून, आणि इथे घात केला पाण्यानं. आदल्या दिवशीच्या प्रचंड वाऱ्यानं समुद्राचं जे पाणी पुढे रेटलं होतं, ते वारा कमी झाला म्हणून मागे फिरलं नाही. वादळाचा पसाराही अवाढव्य होता. वादळी वारे केंद्रापासून सुमारे 370 किलोमीटरपर्यंत वाहत होते. मिसिसिपीचा किनारा उथळ, तळ हळूहळू चढत जाणारा. तिथे पाण्याला पसरायला जागा नसते, ते वर चढतं. पास क्रिश्चियन गावाजवळ हे उधाण साडेआठ मीटरच्या आसपास गेलं. म्हणजे जवळजवळ तीन मजले. कोकणातल्या श्रोत्यांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण माहीत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या, तेही त्यांनी पाहिलं आहे. निसर्गचा वारा कतरिनाच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या मानानं निम्म्याहून थोडासाच जास्त होता.

1969 पेक्षा 2005 मध्ये कॅमिलनं जास्त बळी घेतले, असं मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पुढे म्हटलं जाऊ लागलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये जे घडलं ते तर वादळाच्या अंदाजापलीकडचं होतं. शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, भोवती बांध आणि कालव्यांच्या भिंती. 17 व्या रस्त्याचा कालवा, लंडन अव्हेन्यूचा कालवा, इंडस्ट्रियल कालवा, सगळीकडे भिंती फुटल्या. काही ठिकाणी तर पाणी भिंतीच्या माथ्याला लागण्याआधीच भिंत सरकली. भिंतींचा आराखडाच सदोष होता, हे सरकारी अभियंत्यांच्या चौकशीतून पुढे बाहेर आलं. शहराचा चार पंचमांश भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा अनेक वर्षं अठराशेच्या वर सांगितला जात होता; अलीकडे फेरतपासणी होऊन तो 1392 धरला जातो.

त्या दिवसांत एक गोष्ट टिकून राहिली, आणि रेडिओवरून बोलताना ती सांगायलाच हवी. शहराचं डब्ल्यूडब्ल्यूएल हे मध्यम लहरींवरचं केंद्र बोलत राहिलं. वाऱ्यानं इमारतीच्या काचा फुटल्या, तेव्हा निवेदक गारलंड रॉबिनेट आतल्या एका लहानशा जागेत बसून बोलत राहिले. वीज नाही, टीव्ही नाही, मोबाइलचे मनोरे बंद. पोटमाळ्यावर अडकलेली माणसं बॅटरीवरचा रेडिओ कानाशी धरून होती. ज्यांचा फोन कसाबसा लागला, ती रेडिओ केंद्रालाच फोन करून आपला पत्ता सांगत होती. पुढे शहरातल्या एरवीच्या प्रतिस्पर्धी केंद्रांनी एकत्र येऊन एकच प्रसारण चालवलं.

अंदाज नेहमीच असा बरोबर येतो, असं मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या आकापुल्को शहरावर ओटिस वादळ आलं. एक दिवस आधीच्या अंदाजात ते चक्रीवादळाच्या उंबरठ्यापाशीच घुटमळेल असं दिसत होतं. दुपारी विमान आत गेलं आणि आकडे पाहून सगळेच हादरले. त्याच मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीत शहरावर कोसळलं. सुमारे दहा लाख वस्तीच्या शहराला तयारीसाठी काही तासच मिळाले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वादळ इतक्या झपाट्यानं का फुगतं, हा या शास्त्रातला आजचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

कतरिनानंतर महिनाही झाला नव्हता, तोच रिटा आलं. आखातात असताना त्याचा दाब 895 मिलिबारपर्यंत गेला, म्हणजे कतरिनापेक्षाही कमी, आणि रोख होता ह्यूस्टनकडे. लोकांनी नुकतंच टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स पाहिलं होतं. या वेळी सगळे निघाले. ज्यांच्या घरापर्यंत समुद्राचं पाणी येण्याची शक्यताच नव्हती, तेही निघाले. वीस-पंचवीस लाख माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली, कडक उन्हात वाहनांची रांग तासन्‌तास जागची हलेना, पेट्रोल संपलं. वृद्धाश्रमातून हलवलेल्या आजारी म्हाताऱ्यांच्या एका बसला डॅलसजवळ आग लागली आणि 23 जण गेले. या पळापळीत शंभरच्या आसपास माणसं दगावली आणि वादळ मात्र ह्यूस्टनला टाळून लुइझियानाच्या सीमेजवळ निघून गेलं.

कोणी जायचं आणि कोणी थांबायचं, हे इशाऱ्यात वेगळं सांगावं लागतं, हे रिटानं दाखवलं. तिथले आपत्ती व्यवस्थापनातले लोक आता सरळ सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. सखल भागातल्यांनी निघायचं, उंचावरच्यांनी भक्कम घरात थांबायचं आणि रस्ते मोकळे ठेवायचे. 2010 साली वादळाच्या श्रेणीतून उधाणाच्या उंचीचा उल्लेखच काढून टाकला, म्हणजे तीन नंबर ऐकून कोणी पाण्याबद्दल निश्चिंत राहू नये. 2017 पासून मायामीचं केंद्र उधाणाचा वेगळा इशारा काढतं. त्यात किनाऱ्याचा कोणता पट्टा धोक्यात आहे आणि तिथे किती फूट पाणी चढेल, हे दिलेलं असतं. ते फूट समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, माणूस उभा असतो त्या जमिनीपासून मोजतात.