अडलेले आटे आणि संयमाचे शास्त्र

(हीरक महोत्सवी वर्षात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मुख्याध्यापिकेने जुन्या मोटारींविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गुढियारीच्या ठोक बाजारात मालमोटारींची ये-जा अखंड चालते, आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या दुरुस्तीच्या दुकानांत आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी काम करतात. त्यांपैकी एकाने यंदा एक जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले आहे. त्याचे काम पाहताना जे उमगले, ते आज सांगणार आहे.

या गाडीला मराठी मुलुखाचा इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज व प्लिमथ आणि पुढे फियाट गाड्या बाहेर पडल्या. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आता हिचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. म्हणूनच गंजलेला एखादा बोल्ट तुटला, तर नुकसान केवळ त्या बोल्टापुरते राहत नाही. ज्या भागात तो रुतला आहे, तो भागही कायमचा हातचा जाण्याची भीती असते.

नट अडतो कशामुळे? लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो, हे आपण रसायनशास्त्रात शिकतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली केसाएवढी फट तो ठासून भरतो. अशा वेळी पान्याला लांब नळी लावून जोर करावा, असा मोह होतो. तरफेच्या नियमाने बळ वाढतेही. पण त्या बळापुढे गंजाआधी बोल्टच हार मानतो.

जाणता कारागीर आधी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करतो. मग गंज सोडवणारे पातळ तेल सोडून रात्रभर थांबतो. सकाळी पुन्हा तेल, हातोडीचे हलके ठोके, पुन्हा विश्रांती. ठोक्यांच्या कंपनाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून तेल आत झिरपते. तेवढ्याने भागले नाही, तर तो नटाला उष्णता देतो. नट तापला की प्रसरण पावतो आणि त्याचे छिद्रही रुंदावते. मात्र त्याआधी तेल पुसून घ्यावे लागते. पेट्रोलची टाकी वा नळी जवळ असेल, तर ज्योत पेटवायचीच नाही. मग नीट बसणारा रिंग पाना लावून नट प्रथम किंचित आवळायचा आणि नंतर सोडवायचा. थोडे पुढे, थोडे मागे, असे करत तो मोकळा होतो.

जाम झालेल्या इंजिनाचेही तेच. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडावे, काही दिवस वाट पाहावी, मग हाताने अलगद फिरवून पाहावे. गाडी ओढून इंजिन फिरवण्याची घाई केली, तर आतले भाग मोडतात.

आणखी एक मौज ऐका. जुन्या डॉज व प्लिमथ गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. हे ठाऊक नसलेला माणूस सोडवतो आहे असे समजून नट अधिकच आवळत राही. सायकलच्या डाव्या पेडलाचे आटेही उलटेच असतात. आज घरी जाऊन पाहा. प्रयत्न वाया जातात ते दरवेळी बळ कमी पडल्यामुळे नव्हे; कधी कधी दिशाच चुकलेली असते.

मुले म्हणजे काही नट-बोल्ट नव्हेत, हे मी जाणते. तरीही शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी छत्तीसगढी बोलली जाते, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात मराठी. उत्तर मनात असते, पण शब्द ओठांवर अडतो. त्या क्षणी आवाज चढवला, तर ते मूल पुढे वर्षभर हात वर करीत नाही. त्याला आधी त्याच्या बोलीत सांगू द्या, मग तेच मराठीत मांडायला मदत करा. पालकांनीही प्रगतिपुस्तकातला एक अडलेला विषय पाहून माध्यमच बदलण्याची घाई करू नये; अडचण नेमकी कोठे आहे, ते आधी पाहावे.

शेवटी एक कारागिराची रीत. मोकळा झालेला बोल्ट परत बसवताना तो त्याच्या आट्यांना थोडे ग्रीस लावतो. कित्येक वर्षांनी तो उघडणारा माणूस कोण असेल, हे त्याला ठाऊक नसते. तरी त्या अनोळखी हातांचे श्रम तो आजच हलके करून ठेवतो. साठ वर्षांपूर्वी ही शाळा उभारणाऱ्यांनी आपल्यासाठी हेच केले. आपणही पुढच्यांसाठी तेवढे करूया.