बहात्तरचा दुष्काळ : घरातील आठवण आणि राज्याचा इतिहास

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासाचा तास मुलांना आवडतो, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. शिवचरित्रातील प्रसंग सांगू लागलो की मागच्या ओळीतील खोडकर मुलगाही कान टवकारून ऐकतो. परंतु त्याच वर्गाला असा प्रश्न विचारून पाहावा : "महाराष्ट्राच्या इतिहासात तुमच्या घराचे काही आहे काय?" वर्ग गप्प बसेल. एखाद्या मुलाचे आडनाव एखाद्या सरदाराच्या आडनावाशी जुळत असेल, तर तो अभिमानाने मान वर करील. बाकीची मुले खाली पाहतील. इतिहास हा किल्ल्यांवर, दरबारांत आणि राजधानीत घडतो. आपल्या वस्तीवर, आपल्या शिवारात घडतो तो केवळ संसार, अशी त्यांची समजूत झालेली असते. ही समजूत कशी दूर करता येईल, याविषयी चार शब्द बोलावे असा माझा मानस आहे.

खेड्यातील माणूस सनावळी पाठ करीत नाही. तो काळ मोजतो तो स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगांनी. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडे 'मानमोडी' असे नाव पडले, आणि पुढे कित्येक वर्षे माणसांची वये त्या साथीवरून सांगितली गेली. मराठवाड्यातील वृद्ध माणसे 1948 पूर्वीच्या काळाला 'रझाकारी' म्हणतात. पाटणकडील लोक 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप विसरलेले नाहीत, आणि किल्लारी परिसरातील कुटुंबांच्या आयुष्याचे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेने दोन भाग केले. आपल्यासारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात अशी मोठी खूण एकच. ती म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. "हिचा जन्म बहात्तरच्या आधीचा," "ही विहीर बहात्तरात खणली," असे आपण नेहमी ऐकतो. ज्या वर्षाने घरातील जन्म, लग्ने आणि विहिरी मोजल्या जातात, त्या वर्षाचा राज्याच्या इतिहासाशी काय संबंध आहे, हे मात्र घरात कोणी सांगत नाही. ते सांगण्याचे काम शाळेचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 1970 आणि 1971 ही दोन वर्षे अनेक तालुक्यांत पाऊस अपुरा झाला, आणि 1972 साली तर त्याने पुरती पाठ फिरवली. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, पाथर्डी, आष्टी अशा तालुक्यांत विहिरींनी तळ गाठला. चारा संपला, जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली किंवा छावण्यांत दावणीला बांधली गेली. धान्याची टंचाई इतकी झाली की, परदेशातून आलेली 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानांतून घ्यावी लागली. कामांवर 'सुकडी' वाटली जाई. हे दोन शब्द वृद्ध माणसांसमोर नुसते उच्चारावेत. पुढचा अर्धा तास आपणांस काही विचारावे लागत नाही.

शासनाने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते तयार करणे, पाझर तलाव, नालाबांध, ताली ही ती कामे. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांपर्यंत गेली होती. त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. जी घरंदाज म्हणून कधी उंबरठ्याबाहेर मजुरीस गेली नव्हती, अशा घरांतील स्त्रियाही डोक्यावर पाटी घेऊन उभ्या राहिल्या. ज्या रस्त्याने आपण आज शाळेला येतो, तो कदाचित त्यांनीच फोडलेल्या खडीवर उभा असेल.

आता यापुढील भाग मुलांना सहसा कोणी सांगत नाही, आणि तोच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. संकटात सापडलेल्या माणसाला सरकारने काम द्यावे, ही त्या काळापर्यंत सरकारची कृपा समजली जात असे. दुष्काळ जाहीर झाला तर काम निघे. पाऊस पडला की ते बंद होई. ज्याला शारीरिक श्रमाचे काम हवे आहे त्याला ते मागण्याचा हक्क असावा, हा विचार या दुष्काळापूर्वीच राज्यात पुढे आला होता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी त्याचा नेटाने पाठपुरावा केला. परंतु लाखो माणसे भर उन्हात खडी फोडीत बसलेली सर्व राज्याने पाहिली, तेव्हा त्या विचाराला वजन आले. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती. पुढे 2005 साली संपूर्ण देशाच्या ग्रामीण भागासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या योजनेसाठी पैसा कोठून आला, याचेही उत्तर आपल्या हाताशी आहे. राज्याने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरांतील नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांनी खेड्यांतील श्रमिकाच्या रोजगारासाठी वाटा उचलावा, हा त्यामागील हेतू होता. आपल्या वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' असे एक लहानसे कलम असते. त्या कलमाकडे आपण कपात म्हणून पाहतो. परंतु त्याचा उगम बहात्तरच्या त्या खडीच्या ढिगाऱ्यापाशी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे राज्याचा इतिहास आपल्या वेतनपत्रकापर्यंत कसा येऊन पोहोचला, हे दिसू लागते.

आता वर्गातील त्या गप्प बसलेल्या मुलीकडे पुन्हा वळू. तिची आजी किंवा पणजी त्या कामावर गेली असेल. त्या बाईला जर आपण विचारले की, "राज्याच्या इतिहासात तुमचा काही भाग आहे काय?" तर ती हसून म्हणेल, "आमचा कसला भाग, बाबा? पोटासाठी दगड फोडले." तिच्या दृष्टीने ती केवळ विपत्ती होती. त्या विपत्तीतून कायदा निर्माण झाला, तो देशाने स्वीकारला, ही गोष्ट तिच्यापर्यंत कोणी पोहोचवलीच नाही. नातीने घरी जाऊन ती सांगावी, आणि आजीने आपली हकीकत नातीला सांगावी, अशी देवाणघेवाण जेथे घडेल तेथे इतिहासाचा खरा पाठ झाला, असे मी म्हणेन. राज्य ही दूर मुंबईत बसलेली कोणी परकी सत्ता नसून आपल्यासारख्यांच्या श्रमांतून आणि मागण्यांतून ते घडत आले आहे, हे ज्या मुलाला लहानपणी समजते, तो पुढे नागरिक म्हणून लाचारीने हात पसरीत नाही, आणि सार्वजनिक कामाची नासाडीही निर्विकारपणे पाहत नाही.

हे काम त्वरेने करावयास हवे, यासाठी एक साधा हिशेब सांगतो. 1972 साली जी व्यक्ती 20 वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. त्या वेळी घर चालविणारी, पोरे सांभाळून कामावर जाणारी जी पिढी होती, तिच्यातील बहुतेक माणसे आता आपल्यात नाहीत. मुकादमाचे नाव, हजेरीची रीत, मजुरी किती दिवसांनी मिळे, तान्ह्या मुलांना कोठे निजवीत, हे सारे कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे गेली, की ते कायमचे गेले.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करावे? माझी सूचना अगदी साधी आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना पाचच प्रश्न द्यावेत. त्या साली आपल्या घरातील माणसे कोठे होती? कोणत्या कामावर गेली? काय खाल्ले? पाणी कोठून आणले? आणि त्या कामातील कोणती वस्तू आज गावात उभी आहे? मुलांनी उत्तरे ऐकावीत आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून आणावीत. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्यापुरत्या दृष्टीआड कराव्यात. त्यानंतर एके दिवशी वर्ग घेऊन त्या पाझर तलावावर किंवा रस्त्यावर जावे, आणि मुलांनी लिहिलेले तेथे उभे राहून वाचून घ्यावे.

परंतु ऐकीव माहिती म्हणजे इतिहास नव्हे. ती पारखून घेतली पाहिजे, आणि ही पारखण्याची दृष्टी देणे हा या उपक्रमाचा मोठा लाभ आहे. एक आजोबा सांगतील की तलाव बहात्तरातला. दुसरे म्हणतील, नाही, तो नंतरचा. अशा वेळी मुलांना विचारावे की, आता खरे कसे ठरवावयाचे? तलाठ्याकडील फेरफाराची नोंद आणि सात-बाराचा उतारा पाहता येईल. तलावाखाली कोणाची जमीन केव्हा गेली, ते त्यावरून बहुधा कळते. शाळेचे जुने हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि शेरेबुक ही तर आपल्याच कपाटात आहेत. त्या वर्षी किती मुले शाळा सोडून गेली आणि कोणत्या कारणाने, हे त्यांत शोधावे. कागदही डोळे मिटून खरा मानू नये. गावातील जुन्या मंडळींचे दाखले पाहिले, तर निम्म्या गावाचा जन्म 1 जूनला झाला असे दिसेल! आईबापांस तारीख ठाऊक नसे, आणि शाळेत नाव घालण्याच्या सोयीने गुरुजी ती तारीख मांडीत. कागद कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे विचारावे लागते, हा धडा त्या एका तारखेवरून चौथीचे मूलही शिकू शकेल.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी, अशी माझी विनंती आहे. पहिली अशी की, कोणाचे दारिद्र्य चव्हाट्यावर येऊ देऊ नये. "तुमच्या घरी खायला काय होते?" हा प्रश्न मुलाने घरी विचारावयाचा आहे, शिक्षकाने भर वर्गात नव्हे. ज्याला सांगावयाचे नसेल त्याला न सांगण्याची मोकळीक असावी. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. दुष्काळ सर्वांवर आला, तथापि तो सर्वांना सारखा लागला नाही. कोणाच्या कणगीत धान्य होते, कोणाच्या नव्हते. विहिरीवर कोणाला आधी पाणी मिळाले आणि कोणाला दूर उभे राहावे लागले, हेही काही घरांतून ऐकू येईल. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला, हे आपण शिकवतो. त्यानंतर 45 वर्षांनी आपल्या गावच्या पाणवठ्यावर काय रीत होती, हा प्रश्न त्याच धड्याचा पुढील भाग आहे. अशी हकीकत मुलाने लिहून आणली तर ती खोडू नये, आणि तिच्यावरून वर्गात तट पडतील असेही बोलू नये. ती आदराने इतर हकीकतींच्या शेजारी ठेवावी. गावाचा इतिहास सर्व घरांचा मिळून होतो. केवळ वाड्यांचा नव्हे, आणि केवळ पाटीवाल्यांचाही नव्हे.

काही मुलांच्या घरी बहात्तरची आठवण नसेल. त्यांचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारे असतील, परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून येथे आलेले असतील. त्यांनी आपले गाव केव्हा आणि का सोडले, हाच त्यांचा इतिहासाचा धागा समजावा. आपले राज्य तरी काय, असेच जुळत आले आहे. मराठवाडा आणि विदर्भ 1956 साली मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण शिकवतो, ती व्यवस्थाही 1 मे 1962 रोजी सुरू झाली. वेगवेगळ्या आठवणी घेऊन आलेल्या माणसांचे हे एक घर आहे, हे मुलांना त्यांच्याच वर्गात पाहता येईल.

अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, कामांचा भार असतो, मग यासाठी वेळ कोठला, असे कोणी म्हणेल. ती अडचण खोटी नाही. तरीही वर्षातून चार तास आणि शंभर पानांची एक वही, एवढीच माझी मागणी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतील दप्तरे मिळवीत गेले, आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. ज्यांच्या घरी दप्तर होते, त्यांचा इतिहास त्यामुळे पुष्कळ अंशी वाचला. ज्यांच्या घरी कागदच नव्हता, त्यांचे दप्तर म्हणजे त्यांची आठवण. ते गोळा करावयास बाहेरून कोणी संशोधक येईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रत्येक खेड्यात असा एक मनुष्य आहे की ज्याची ये-जा सर्व घरांतून आहे, ज्याला लिहिता येते, आणि ज्याच्या मुलांसमोर वृद्ध माणसे मोकळेपणाने बोलतात. तो मनुष्य म्हणजे त्या गावचा शिक्षक.

ती वही शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टराशेजारी ठेवावी. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, ऐकणाऱ्या मुलाचे नाव आणि तारीख घालावी, आणि बदली झाल्यावर कार्यभारासोबत ती पुढच्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी. येत्या सहामाहीत प्रत्येक शाळेने निदान दहा वृद्धांच्या हकीकती लिहून घ्याव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.