माझ्याकडची ‘डबल’ नाणी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. ‘तुझ्या छंदावर बोल, पण झोप येईल असं बोलू नकोस,’ अशी ताकीदही दिली आहे. झोप आलीच तर मागच्या खुर्च्यांवर बसावं. आपल्या वर्गाची ती जुनीच पद्धत आहे.

या मेळाव्याच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात आपल्यातले तिघं माझ्या घरी आले होते. चहा होईपर्यंत मी त्यांना नाण्यांचे डबे दाखवले. एका डब्यात नुसत्या शिवराया होत्या, चौतीस. एकाने दोन-चार उचलल्या, उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाला, “आरं, ह्या समद्या सारख्याच की. एक ठेवायची, बाकीच्या मोडीत घालायच्या. तांब्याला भाव बरा हाय.”

हा प्रश्न मला आमच्या घरातही चाळीस वर्षं विचारला जातोय. आज त्याचं उत्तर देतो. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे, ती ज्याला द्यायची तो समोर बसलाय.

आपण सहावी-सातवीत काडेपेट्यांची छापं जमवायचो, आठवतंय? दोनदा आलेल्या छापाला आपण ‘डबल’ म्हणायचो. डबलचा उपयोग एकच, ती दुसऱ्याला देऊन आपल्याकडे नाही ती घ्यायची. नाणी जमवणाऱ्यांतही डबल ठेवायचं पहिलं कारण हेच असतं. अदलाबदलीच्या बाजारात पैशापेक्षा डबल नाणं जास्त चालतं, कारण समोरचाही आपल्यासारखाच वेडा असतो. दुसरं कारण त्याहून साधं. अल्बममध्ये किंवा काचेखाली नाणं लावलं की त्याची एकच बाजू दिसते. दोन्ही बाजू दाखवायच्या तर दोन नाणी लागतात. इथवर कुणालाही पटतं.

पुढचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली. ते असं की ज्याला आपण डबल म्हणतो ते बहुतेक वेळा डबल नसतंच.

आपल्या रोजच्या नाण्यांचंच बघा. खिशातलं नाणं काढा आणि सालाच्या खाली नीट बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं. ठिपका असेल तर नोएडाचं, ती टांकसाळ 1988 पासून नाणी पाडते. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. म्हणजे एकाच सालचं, एकाच किमतीचं नाणं चार ठिकाणचं असू शकतं. मला चारही लागतात. बायकोला एकही लागत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या 1862 सालच्या रुपयाची गंमत याहून मोठी. त्या रुपयावर 1862 हे साल घातलं आणि पुढे 1874 पर्यंत रुपये पाडत राहिले तरी साल बदललंच नाही. मुंबईच्या टांकसाळीने नवीन वर्षाची खूण म्हणून बारीक ठिपके वाढवले. अडाणी माणसाला तो एक रुपया, ठिपके मोजणाऱ्याला तो अनेक वर्षांचा हिशेब. घरात राणीछाप रुपये असतील तर सोनाराकडे नेण्याआधी भिंग घेऊन बसा, एवढं सांगून ठेवतो.

आणि भोकाचा पैसा! तो तर आपल्या गावात घरोघर होता. कुणाच्या करदोट्यात, कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, कुणाच्या नांगराला वायसर म्हणून. महायुद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून 1943 पासून सरकारने मधे भोक पाडून पैसा काढला. माझ्याकडे तसे साठेक आहेत, आणि त्यांच्यावरच्या मुकुटाच्या आकारातसुद्धा फरक आहेत. मी 1943 चा पैसा हातात धरतो तेव्हा मला टांकसाळ आठवत नाही, आपलं गाव आठवतं. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, खिशातला पैसा इंग्रजाच्या राजाचा, आणि त्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सहकारी या मुलखात प्रतिसरकार चालवायला लागले होते. हा पैसा ज्यांच्या हातातून गेला त्यांतला कुणी तुफान सेनेत असेल, कुणी भूमिगतांना भाकरी पोचवणारी बाई असेल. साठांपैकी कुठला कुणाचा ते कळायला मार्ग नाही. म्हणून मी साठही ठेवलेत. हे कारण शास्त्रीय नाही, मला माहीत आहे. सर, तुम्ही हसला तरी चालेल.

आता शिवराईकडे येतो.

छत्रपती शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. आजूबाजूला फारसी अक्षरांची नाणी चालत असताना हे देवनागरीतलं नाणं. शाळेत आपण एवढंच शिकलो, आणि ते खरंच आहे.

पण हातात शिवराई घेऊन हे सगळं वाचायला जा. वाचता येत नाही! कारण ती यंत्रावर पाडलेली नाही. तांब्याची चकती एका ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे नाण्यावर ठशाचा एखादा भागच उमटतो. कुठे ‘श्री’ची वेलांटी बाहेर जाते, कुठे ‘राजा’तला फक्त ‘जा’ राहतो, कुठे कडेच्या ठिपक्यांची रांग नुसती एका अंगाला दिसते. घण तिरका बसला तर अर्धं नाणं कोरंच. एका शिवराईवर पूर्ण मजकूर आणि पूर्ण कड मिळणं म्हणजे नशीब. एकीवरून वरचा भाग, दुसरीवरून खालचा, तिसरीवरून उजवी कड, असं जोडत गेलं की मग कुठे मूळ ठसा कसा होता ते समजतं. एक शिवराई असलेल्या माणसाकडे अर्धी शिवराई असते. पूर्ण एक हवी असेल तर चार-पाच लागतात.

बरं, ठसा तरी एक होता का? घणाखाली ठसा झिजतो, फुटतो, मग नवा कोरावा लागतो. कोरणारा कारागीर वेगळा, त्याचं वळण वेगळं. कुठे ‘शिव’ असतं, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’. कुठे ‘पति’ ऱ्हस्व, कुठे ‘पती’ दीर्घ. आपल्या मराठीच्या बाईंनी या ठसेकारांना छड्याच दिल्या असत्या. मला मात्र त्या चुका फार आवडतात. कारागीर जसं बोलत असेल तसं त्याने कोरलं असावं, असं आपलं मला वाटतं.

त्यात आणखी एक गोम आहे. महाराजांच्या नंतरच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही शिवराई पाडली जात होती, आणि तिच्यावर नाव महाराजांचंच होतं. दोन ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई ही नंतरची. इंग्रज आल्यावरही खेड्यापाड्यांत शिवराई चालत राहिली. मग हातातली शिवराई रायगडाच्या काळातली की शंभर वर्षांनंतरची, हे ठरवायचं कसं? तिच्यावर साल नाही. अक्षरांचं वळण, वजन, ठिपक्यांची कड, हे दुसऱ्या पन्नास शिवरायांशी ताडून बघायचं. एकट्या नाण्याकडे नुसतं बघत राहिलं तर ते काही बोलत नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. आपला तो मित्र तिथे असता तर म्हणाला असता, एक ठेवा, बाकीची मोडीत घाला. पण त्यांतल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. असं एकच नाणं सापडलं असतं तर कुणीतरी चुकून ठोकलं असेल असं म्हणता आलं असतं. हजारोंनी सापडली तेव्हा कुणाला शंका उरली नाही. सातवाहनांनी नहपानाचं राज्य घेतलं आणि त्याचंच चलन आपल्या नावाने पुन्हा चालवलं, याचा तो पुरावा ठरला.

आता कबुली.

आठवीत असताना आपल्या वर्गातल्या एकाने मला सात शिवराया दिल्या. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. त्याच्या आज्जीच्या चंचीत त्या होत्या. आज्जी गेल्यावर उतरंड हलवली तेव्हा चंची सापडली. घरात कुणाला त्यांचं काही नव्हतं. ‘तुला नाद आहे, तू घे,’ म्हणून त्याने मधल्या सुट्टीत रुमालात बांधून आणून दिल्या. बदल्यात काही मागितलं नाही. मी त्या रात्री कंदिलाजवळ बसून गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर सातही शिवरायांच्या दोन्ही बाजू पेन्सिलीने घासून उठवल्या. कागद वर ठेवून शिसं फिरवलं की अक्षरं उमटतात, तसं.

पुढे नोकरीला पुण्याला गेलो. तिथे एका व्यापाऱ्याकडे 1911 सालचा पंचम जॉर्जचा रुपया बघितला. राजाच्या झग्यावर हत्ती आहे, तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, म्हणून सरकारने ते रुपये परत घेऊन बरेचसे वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. तो रुपया मला हवाच होता आणि खिशात पैसे नव्हते. मी आज्जीच्या सातांतल्या दोन बऱ्या ठेवल्या आणि पाच देऊन टाकल्या. मनात म्हटलं, डबल तर आहेत. व्यापाऱ्याने फसवलं वगैरे काही नाही. सौदा माझ्याच मर्जीने झाला. आपलंच नाणं खोटं.

मग वीसेक वर्षांनी हा मित्र माझ्याकडे आला. गावातलं जुनं घर पाडून नवं बांधलं होतं. म्हणाला, “आज्जीची एक शिवराई दे. देव्हाऱ्यात ठेवतो. जुन्या घरातलं दुसरं काहीच राहिलं नाही बघ.”

मी डबा उघडला. तोवर त्यात तीसच्या वर शिवराया झाल्या होत्या. कराडच्या बाजाराच्या, वाईच्या, सांगलीच्या प्रदर्शनातल्या. आज्जीच्या दोन कुठल्या, ते मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. दोन नाणी सारखी नसतात असं जगाला सांगणारा मी, आणि मला त्याच्या आज्जीची शिवराई ओळखता येईना. मी त्याला म्हटलं, यातली सगळ्यात चांगली घेऊन जा. त्याने ती हातात घेतली, परत ठेवली आणि म्हणाला, “ही आज्जीची न्हाई ना पण.” जेवून गेला. रागावला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

गेल्या दिवाळीत आमचा माळा आवरताना ती गणिताची वही सापडली. मागची पानं वाळवीतून वाचली आहेत. सात शिवरायांच्या चौदा छापा, पेन्सिल पुसट झालीय, पण नाण्याची बाह्याकृती आणि अक्षरं दिसतात. मी चौतीसच्या चौतीस बाहेर काढल्या आणि एकेक कागदावर ठेवून ताडत बसलो. छाप नाण्याच्याच मापाची, त्यामुळे मोजावं लागलं नाही. सगळ्या खरोखर सारख्या असत्या तर हे जमलंच नसतं. ‘श्री’ कुठे कापलाय, चकतीचा कोपरा कुठे बसलाय, ‘छत्र’ किती तिरका उमटलाय, हे दुसऱ्या कुठल्याही शिवराईशी जुळत नाही. तिसऱ्या रात्री एक जुळली. अगदी कडेच्या चिरेसकट.

ती मी आज आणली आहे. सोबत वहीचं ते पानही आहे, म्हणजे मी बनाव केला असं तुला वाटायला नको. उरलेल्या पाचांच्या छापाही त्यावर आहेत. नाणी माझ्याकडून गेली, त्यांच्या एवढ्याच खुणा राहिल्या आहेत.

दुसरीबद्दल मात्र माझी पुरती खात्री नाही. छापेत ‘राजा’च्या ‘जा’चा काना तुटलेला दिसतो. नाण्यावर तो काना मुळात तुटका आहे की पुढे घासला गेलाय, हे मला भिंगातूनही ठरवता आलं नाही. म्हणून दोन्ही पाकिटात घातल्यात. ऊठ लेका, वर ये आणि घेऊन जा. घरी नेऊन उजेडात बघ, तुला काय वाटतं ते मला फोन करून सांग.